पहिली ग्राफिक कादंबरी : छापखान्यापासून उलट मोजत या

चाळीस पानांवर शाई फिरवून झालेली असते आणि मग प्रकाशक विचारतो, "पुस्तकाचा आकार काय धरलाय?" पहिली ग्राफिक कादंबरी करणारे फार जण नेमके इथे अडकतात. हाताशी होतं त्या चौकोनी स्केचबुकात पानं काढलेली असतात. उभ्या पुस्तकात ती बसवायची तर वर-खाली चार बोटं पांढरं सोडायचं, नाहीतर दोन्ही कडांची माणसं कापायची. दोन्ही उपाय वाईट. चाळीस पानं पुन्हा काढणं हा तिसरा, आणि बहुतेकदा तोच करावा लागतो.

म्हणून या लेखातला क्रम थोडा उलटा आहे. आधी छापलेलं, कापलेलं, चिकटवलेलं पुस्तक डोळ्यांसमोर आणायचं आणि तिथून मागे येत चित्रापर्यंत पोचायचं. छोट्या प्रकाशनाबरोबर काम करताना हे जास्तच लागू पडतं. तिथे संपादन, मांडणी, छपाईवर देखरेख हे सगळं दोन-तीन माणसं पाहतात. तुमच्या चुका निस्तरायला वेगळा विभाग नसतो. मात्र वेगळी, आडवळणाची पुस्तकं आधी हेच लोक काढतात. अमेरिकी चित्रकथाकार विल आयस्नर यांचं 'अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड' हे चित्रकथांचं पुस्तक १९७८ मध्ये बॅरोनेट बुक्स या छोट्या प्रकाशनानेच काढलं होतं.

आकार आणि पृष्ठसंख्या

आधी एक शब्द पक्का करून घ्या. बोलताना आपण 'पान' म्हणतो तेव्हा कधी कागदाची एक बाजू म्हणायची असते, कधी अख्खा कागद. छापखान्याला "बहात्तर पानं" सांगितलं आणि त्यांनी बहात्तर पृष्ठं समजली, तर दरपत्रकच अर्ध्या पुस्तकाचं येतं. लेखी व्यवहारात नेहमी 'पृष्ठ' लिहा. एका कागदाची दोन पृष्ठं.

पुस्तक फर्म्यांमध्ये छापलं जातं. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून, घड्या घालून साधारण १६ पृष्ठांचा एक फर्मा होतो. त्यामुळे पृष्ठसंख्या १६च्या पटीत असेल तर कागद वाया जात नाही. ८च्या पटीतही भागतं. १४४ पृष्ठं म्हणजे बरोबर ९ फर्मे. १४६ पृष्ठं म्हणजे त्या दोन पृष्ठांसाठी कागद, प्लेट आणि घडी यांचा वेगळा हिशेब.

या १४४ मधली सगळी गोष्टीची नसतात. नावाचं पृष्ठ, प्रकाशनाचा तपशील, अर्पण, शेवटी चार ओळींचा परिचय यांत सात-आठ पृष्ठं जातात. उरली १३६. तुमची गोष्ट १३६ पृष्ठांत बसवायची आहे हे पटकथेच्या आधी माहीत असलं, तर शेवटच्या प्रसंगाची कोंबाकोंबी होत नाही.

आकाराबाबत उगाच नावीन्य नको. अमेरिकी कॉमिक साधारण १६८ × २६० मिमी असतं. फ्रेंच-बेल्जियन धाटणीचा अल्बम त्याहून बराच मोठा, जवळजवळ ए४. पहिल्या काळ्या-पांढऱ्या पुस्तकाला ए५, म्हणजे १४८ × २१० मिमी, पुरतो. हातात धरायला सोपा, कागद कमी लागतो आणि एका पृष्ठावर चारपेक्षा फार जास्त चौकटी कोंबण्याचा मोह आपोआप आवरतो.

आता डमी करा. ए४चे चार कागद एकात एक ठेवून मधून दुमडले की १६ पृष्ठांची ए५ वही होते. अशा नऊ वह्या करून पृष्ठक्रमांक टाका. पहिलं पृष्ठ उजवीकडे येतं. सगळे विषम आकडे उजवीकडे, सम डावीकडे. हे एकदा हाताने केलं की लक्षात राहतं. वाचकाला धक्का द्यायचा प्रसंग सम पृष्ठावर हवा, कारण ते पान उलटल्यावरच दिसतं. उजव्या पृष्ठावर ठेवलेला धक्का, डावं पृष्ठ वाचतानाच डोळ्यांच्या कोपऱ्यातून फुटलेला असतो.

समासांची मापं

ए५ साठी ही मापं चालतात: बाहेरचा समास १० मिमी, वरचा १०, खालचा १२ आणि बांधणीकडचा १६. उरलेला १२२ × १८८ मिमीचा आयत म्हणजे तुमच्या चौकटींची जागा. चित्र कागदाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल तर कापणीच्या रेषेपलीकडे ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारं जादा चित्र, काढावंच लागतं. कापणीची सुरी दीडएक मिलिमीटर इकडे-तिकडे होते. ब्लीड नसेल तर कडेला पांढरी चीर दिसते. त्याच कारणाने कापणीच्या रेषेपासून आत ५ मिमीपर्यंत कुठलंही अक्षर नको.

बांधणीकडे इतकी जागा का? पाठीला गोंद लावून केलेल्या परफेक्ट बाइंडिंगमध्ये आधी पाठ २-३ मिमी घासली जाते आणि जाड पुस्तक पूर्ण उघडतही नाही. प्रत्येक पृष्ठाचे ८-१० मिमी खोबणीत जातात. तिथे संवादाचा फुगा असला तर वाचक पुस्तक मोडून उघडतो आणि महिनाभरात पानं सुटतात.

दोन समोरासमोरच्या पृष्ठांवर पसरलेलं मोठं चित्र हवं असेल तर मधल्या २० मिमीत चेहरा, हात, अक्षर काही ठेवू नका. शिवलेल्या बांधणीत प्रत्येक फर्म्याची मधली जोडी एकाच कागदावर येते, म्हणजे पृष्ठ ८-९, २४-२५, ४०-४१ अशी. पुस्तक शिवायचं ठरलं असेल तर मोठी चित्रं या जोड्यांवर आणा. तिथे जोड दिसत नाही. परफेक्ट बाइंडिंगमध्ये मात्र या हिशेबाचा उपयोग नाही, कारण घडीच घासून गेलेली असते.

पटकथा

कॉमिकची पटकथा चित्रकारासाठी असते, भले तो चित्रकार तुम्हीच असाल. प्रत्येक पृष्ठ वेगळ्या कागदावर, वर पृष्ठक्रमांक, बाजू (डावी की उजवी) आणि चौकटींची संख्या. सरासरी चार ते सहा चौकटी, ए५ला चार.

नवख्या पटकथेत हमखास सापडणारी चौकट अशी असते:

चौकट ३ : सुमा दार ढकलते, आत डोकावते आणि रिकामी खाट पाहून दचकते.

वाचायला ठीक आहे, काढता येत नाही. एका चौकटीत एकच क्षण थांबवता येतो आणि इथे तीन आहेत. चित्रकार यातला कुठलातरी एक उचलतो, बहुधा चुकीचा. मोडून लिहिलं तर असं:

चौकट ३ : दाराच्या कडेवर सुमाची बोटं. दार जेमतेम वीतभर उघडलंय. आत अंधार.
चौकट ४ : खोली, सुमाच्या खांद्यामागून. खाट रिकामी, चादर अर्धी जमिनीवर.
चौकट ५ : सुमाचा चेहरा, जवळून. संवाद नाही.

'दचकते' हा शब्द गेला आणि दचकणं आलं. आणि पाचवी चौकट पुढच्या सम पृष्ठावर ढकलता आली तर उत्तमच.

शब्दांचं माप कडक ठेवा. इंग्रजी कॉमिकमध्ये एका फुग्यात पंचवीसेक शब्द चालतात. मराठी शब्द प्रत्ययांमुळे लांब होतात ('घरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द आहे!) आणि देवनागरीला उभी जागाही जास्त लागते. एका फुग्यात १५ ते २० शब्द, एका पृष्ठावर शंभर-सव्वाशे. ए५ला त्यावर जाऊ नका. जे चित्रात दिसतंय ते निवेदनात पुन्हा सांगितलं असेल तर खोडा.

थंबनेल

सगळं पुस्तक आधी काड्यापेटीहून थोड्या मोठ्या चौकोनांत काढून टाका, साधारण ५ × ७ सेंमी. काठीमाणसं चालतील. समोरासमोरची दोन पृष्ठं नेहमी एकत्र काढा, कारण वाचकाला ती एकत्रच दिसतात.

थंबनेलमध्ये फुगे आत्ताच टाका. हा टप्पा चुकवला की पुढे फुगे कोणाच्या तरी कपाळावर बसतात. आपण डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचतो. म्हणून आधी बोलणारं पात्र चौकटीत डावीकडे हवं. ते उजवीकडे उभं असेल तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. शेपटीचा रोख तोंडाकडे असावा, पण ती तोंडाला टेकू नये. अर्ध्याहून थोडं पुढे जाऊन थांबली की पुरे.

चौकटींमधली आडवी आणि उभी पट्टी सारखी ठेवू नका. छापील मापात ओळींमध्ये ५ मिमी आणि एकाच ओळीतल्या चौकटींमध्ये ३ मिमी ठेवलं की डोळा आपसूक आडवा जातो. उलटं केलं तर वाचक पहिल्या चौकटीवरून थेट खाली उतरतो, मग गोंधळून परत वर येतो.

थंबनेलची वही कथा माहीत नसलेल्या कोणाला तरी द्या आणि बोटाने वाचायला सांगा. बोट जिथे थबकतं त्या जागेवर खूण करा. स्पष्टीकरण देऊ नका. दुकानात पुस्तकाबरोबर तुम्ही नसता.

प्रकाशकाकडे कधी जायचं

इथेच, म्हणजे थंबनेल पूर्ण आणि आठ-दहा पृष्ठं पक्की तयार असताना. पूर्ण पुस्तक काढून गेलात तर आकार, पृष्ठसंख्या, शेवट यांपैकी काहीही बदलायचं म्हटलं की वर्षभराचं काम पणाला लागतं.

पाठवायचं ते एवढंच:

- कथेचा एक-दोन पृष्ठांचा सारांश, शेवटासकट. "पुढे काय होतं ते पुस्तकातच वाचा" हे वाचकासाठी ठीक. संपादकाला शेवटच पाहायचा असतो.
- सलग आठ ते दहा पूर्ण पृष्ठं, अक्षरांसह. निवडक देखणी दहा चित्रं नकोत. एका प्रसंगातून दुसऱ्यात तुम्ही कसे जाता, तेच पात्र पाचव्या पृष्ठावरही तेच दिसतं का, हे सलग पानांतच कळतं.
- उरलेल्या पुस्तकाची पटकथा किंवा थंबनेल.
- आकार, पृष्ठसंख्या, रंगीत की काळं-पांढरं, आणि वेळापत्रक.

वेळापत्रक प्रामाणिक असू द्या. आठवड्याला तीन पूर्ण पृष्ठं हा एका माणसासाठी चांगला वेग आहे. १३६ पृष्ठांना ४५ आठवडे. आजारपण, दुरुस्त्या, मुखपृष्ठ धरून सव्वा वर्ष. "सहा महिन्यांत देतो" असं लिहिलेला प्रस्ताव अनुभवी संपादक हसून बाजूला ठेवतो.

पाठवण्याआधी त्या प्रकाशनाची निदान तीन पुस्तकं वाचा. फक्त काळी-पांढरी आत्मकथनं काढणाऱ्यांना रंगीत अवकाशकथा पाठवून दोघांचाही वेळ जातो.

कराराचं थोडक्यात. मानधनाची टक्केवारी छापील किमतीवर आहे की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर, हे आधी पाहा. विक्रेत्याला निम्मी सूट जात असेल तर हाती पडणाऱ्या रकमेचे १५ टक्के म्हणजे छापील किमतीचे साडेसातच. छापील किमतीवरचे ८ टक्के त्याहून जास्त झाले. भाषांतर, डिजिटल आणि चित्रपट यांचे हक्क वेगवेगळ्या कलमांत हवेत. पुस्तक छापील रूपात मिळेनासं झाल्यावर ठरावीक मुदतीनंतर हक्क तुमच्याकडे परत येतील असं वाक्य हवं. मूळ रेखाटनं तुमचीच राहतील हेही लिहून घ्या. लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर वाटणी आपसांत आधी कागदावर मांडा. मैत्री आहे म्हणूनच.

रेखाटन आणि शाई

चित्र कसं काढावं हा या लेखाचा विषय नाही, मापं तेवढी सांगतो. छापील आकाराच्या दीडपट काढायची पद्धत सोयीची: ए५ साठी २२२ × ३१५ मिमी, ब्लीडसह २३१ × ३२४, म्हणजे ए३ कागदावर आरामात बसतं. लहान करताना रेषेतला कंप लपतो. पण रेषाही बारीक होते: ०.३ मिमीच्या पेनाची छापून ०.२ उरते, ०.१५ची ०.१, आणि कोटिंग (गुळगुळीत लेप) नसलेल्या कागदावर तेवढी रेघ कधी तुटते, कधी पसरते. ०.२पेक्षा बारीक पेन बाजूला ठेवा. दीडपट हा काही नियम नव्हे. आर्ट स्पीगलमन यांनी 'माउस' ही ग्राफिक कादंबरी छापील आकारातच रेखाटली होती. त्याचा फायदा असा की पानावर जे दिसतं तेच छापून येतं.

एक कोरा साचा करून घ्या: कापणी, ब्लीड, समास आणि चौकटींची जागा अशा चार रेषा फिक्या निळ्या रंगात. डावा आणि उजवा साचा वेगळा लागतो, कारण बांधणीची बाजू बदलते. हे विसरून सगळी पृष्ठं एकाच साच्यावर काढली की निम्म्या पुस्तकाचे फुगे खोबणीत जातात.

संगणकावर काढत असाल तर ए५ ब्लीडसह ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) कॅनव्हास ३६३८ × ५१०२ पिक्सेलचा होतो. रेषा, करडी छटा, रंग आणि अक्षरं चार वेगळ्या थरांत. एकत्र केलेली फाइल दुरुस्त होत नाही.

स्कॅन : रेष धारदार कशी राहते

पहिल्या पुस्तकात सगळ्यात जास्त दिसणारा दोष म्हणजे पिसारलेली, धुरकट रेष. मूळ चित्र स्वच्छ असतं, फाइल चुकते. ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईत करडा रंग असा नसतोच; करडं म्हणजे काळे बारीक ठिपके. रेषेची कड करडी राहिली तर छापताना ती कड ठिपक्यांत मोडते. उपाय असा की रेषांची फाइल शुद्ध काळी किंवा शुद्ध पांढरी हवी, मधलं काही नको. याला एक-बिट बिटमॅप म्हणतात.

मूळ चित्र करड्या मोडमध्ये ६०० डीपीआयला स्कॅन करा. दीडपट चित्र छापील आकारात आणलं की ते आपोआप ९०० होतं. मग थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या छटेपासून काळं आणि कुठून पांढरं धरायचं तो आकडा, १२८वर ठेवून पाहा. बारीक रेघा तुटत असतील तर आकडा १४०-१५०पर्यंत वाढवा; छायारेषा एकमेकींत मिसळून गोळा होत असेल तर कमी करा. सगळ्या पृष्ठांना एकच आकडा लावून मोकळे होऊ नका, शाईचा गडदपणा रोज वेगळा असतो. शेवटी पडद्यावर १०० टक्के आकारात पाहून धूळ, केस, खोडरबराचे कण पुसा.

करडी छटा ठिपक्यांच्या नक्षीने द्यायची असेल तर ती छापील आकारातच टाका. टाकल्यावर फाइल लहान-मोठी केली की ठिपक्यांचे लाटांसारखे पट्टे उमटतात, आणि ते घरच्या प्रिंटवर दिसत नाहीत, छापून आल्यावर दिसतात.

देवनागरी लेटरिंग

इंग्रजी कॉमिकवरची मार्गदर्शनं इथे हात टेकतात. तिथे सगळा संवाद मोठ्या लिपीत असतो, सगळ्या अक्षरांची उंची एक, ओळी घट्ट बसतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे थर.

ए५ पृष्ठाला ९ ते १० पॉइंट अक्षर आणि ओळींचं अंतर १.३५ ते १.५ पट. अंतर ठरवताना साधं वाक्य टाकून पाहू नका. वर 'उद्ध्वस्त, हृद्रोग, कुटुंबातून' आणि लगेच खालच्या ओळीत 'कीर्तीं, पूर्वीं, गर्दी' असं टाका. वरचा उकार आणि खालचा रफार भिडले नाहीत म्हणजे अंतर बरोबर.

फुग्यात मधली ओळ लांब, वरची-खालची आखूड. वरच्या ओळीतली वेलांटी फुग्याच्या कडेला टेकते, म्हणून वर किंचित जास्त मोकळीक द्या. शब्द तोडून पुढच्या ओळीत नेऊ नका.

आता बिघडण्याच्या जागा.

अक्षरांतलं अंतर वाढवणं. रोमन लिपीत चालतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. ओरडणं दाखवायचं तर वजन आणि आकार वाढवा.

ध्वनिशब्दाला जाड किनार देणं. 'धडाम' टाइप करून बाहेरून पांढरी किनार दिली की प्रत्येक अक्षराची किनार वेगळी निघते आणि शिरोरेषेवर जोडांच्या चिरा दिसतात. अक्षरांचं आकारांत रूपांतर करा, सगळे आकार एकत्र जोडा, मग किनार द्या. खरं तर ध्वनिशब्द हातानेच काढावेत. मराठीत त्यांची काय कमी आहे: खट्ट, धप्प, सर्रकन, किर्र, खळ्ळ. अक्षराचा आकारच आवाज काढतो. फक्त ते चित्रापासून वेगळ्या थरात ठेवा, नाहीतर भाषांतराच्या वेळी चित्र खरवडावं लागतं.

पहिली वेलांटी चुकीच्या जागी पडणं, जोडाक्षर फुटणं. अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-रचना वेगळी सुरू करावी लागते. ती बंद असली की 'कि'ची वेलांटी 'क'च्या मागे जाऊन बसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर निरर्थक चिन्हं येतात. आधी रूपांतर करा.

आणि अर्धा र. 'आचाऱ्याला' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला, 'आचार्याला' म्हणजे गुरूला. 'दऱ्या' डोंगरातल्या, 'दर्या' समुद्र. सगळेच फॉन्ट हा ऱ नीट दाखवत नाहीत, काही मुकाट्याने त्याचा रफार करून टाकतात. फॉन्ट निवडण्याआधी 'ऱ्हास, दोऱ्या, सुऱ्या' टाइप करून पाहा. मुक्त परवान्याच्या फॉन्टांत हस्ताक्षराच्या वळणाचा 'कलम' आणि गुबगुबीत 'बालू' आहेत. 'कलम' संवादाला, 'बालू' आरडाओरड्याला. परवाना वाचा, फुकट उतरवता येणारा प्रत्येक फॉन्ट पुस्तकात वापरायला मोकळा नसतो.

मुद्रितशोधन कागदावर करा, पडद्यावर नको, आणि दोघांकडून. चित्रकाराला स्वतःच्या फुग्यातली चूक दिसत नाही. एक फेरी फक्त शेपट्यांसाठी ठेवा: प्रत्येक वाक्य बरोबर माणूस बोलतोय ना?

काळा, आणि हवा असेल तर रंग

पहिलं पुस्तक एका रंगात करा. खर्च हे एक कारण. त्याहून मोठं असं की रंगाने झाकलेली कच्ची रचना काळ्या-पांढऱ्यात उघडी पडते आणि सुधारता येते. फ्रान्समध्ये १९९०ला सुरू झालेल्या लासोसिआसिओं या चित्रकारांच्या प्रकाशनाने मार्जान सत्रापींचं 'पर्सेपोलिस' हे चित्ररूप आत्मकथन २००० ते २००३ मध्ये चार भागांत काढलं, तेही काळं-पांढरंच.

करड्या छटा वापरत असाल तर ५ टक्क्यांखालची छटा कागदावर नाहीशी होते आणि ८५च्या वरची काळी होते. कोटिंग नसलेला कागद शाई शोषतो, ठिपके फुगतात. पडद्यावर ४० टक्के दिसतं ते छापून ५५-६०सारखं दिसू शकतं. म्हणून छटा मुद्दाम फिक्या ठेवा.

चाररंगी छपाईत एकच गोष्ट जपलीत तरी निम्मी लढाई जिंकलीत: रेषा आणि अक्षरं फक्त काळ्या शाईत, १०० टक्के, बाकी तीन शून्य, आणि रंगांवर ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न काढता त्याच्यावरच छापलेलं. पडद्याच्या रंगांतला (आरजीबी) काळा आपोआप छपाईच्या रंगांत (सीएमवायके) नेला की तो चारही शायांत विभागला जातो. छापताना रजिस्टर, म्हणजे शायांची एकमेकींवरची जुळणी, केसभर हललं तरी प्रत्येक अक्षराला निळी-लाल सावली. मोठ्या काळ्या पृष्ठभागाखाली मात्र ४० टक्के निळा द्या, नाहीतर काळा राखाडी वाटतो. शायांची एकूण बेरीज कोटेड कागदावर ३०० टक्क्यांच्या आत, साध्यावर २५०च्या आसपास. त्यावर गेलात तर शाई वाळत नाही आणि समोरच्या पृष्ठावर डाग उमटतो.

कागद, बांधणी, मुखपृष्ठ

काळ्या-पांढऱ्याला १०० ते १२० जीएसएमचा (चौरस मीटरमागे ग्रॅम) साधा, किंचित पिवळसर कागद. ७०-८०चा घेतला तर मागच्या पृष्ठावरचा काळा आरपार दिसतो. कागदाचा धागा पाठीला समांतर हवा. आडवा गेला तर पानं लाटांसारखी वळतात आणि पुस्तक मिटायला बघतं. हे दरपत्रकात लिहून घ्या.

६४ पृष्ठांपर्यंत मधोमध पिना मारता येतात, पण तेव्हा पृष्ठसंख्या ४च्या पटीत हवी. त्यातही आतली पानं बाहेर सरकतात आणि कापल्यावर मधल्या पानांचा समास कमी होतो. त्यापुढे परफेक्ट बाइंडिंग. गोंद पीयूआर (पॉलियुरेथेनचा) असेल तर पुस्तक बरंच जास्त उघडतं आणि पानं कमी सुटतात. सगळ्यात टिकाऊ शिवण.

मुखपृष्ठ काढण्याआधी पाठीची जाडी काढा. १४४ पृष्ठं म्हणजे ७२ कागद. कागदाची जाडी ०.१३ मिमी असेल तर ७२ × ०.१३ = ९.४ मिमी. अख्खं मुखपृष्ठ १४८ + ९.४ + १४८ = ३०५.४ मिमी रुंद, ब्लीडसह ३११.४ × २१६. जाडी कागदाच्या वजनावरून ताडू नका: एकाच जीएसएमचे दोन कागद वेगळ्या जाडीचे असतात. छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी मागवा आणि मोजा. अंदाजाने काढलेल्या पाठीवरचं नाव हमखास एका बाजूला सरकलेलं सापडतं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, प्रत्येक रूपाला वेगळा लागतो: कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी, ई-पुस्तक. बारकोड पांढऱ्यावर काळा. रंगीत चित्रावर तो वाचला जात नाही.

फाइल, प्रूफ, छपाई

पीडीएफ एकेक पृष्ठाची, क्रमाने, ब्लीडसह. जोड्या करून देऊ नका, मांडणी छापखाना करतो. फॉन्ट आत समाविष्ट. निर्यात करताना जेपेग दाब बंद ठेवा, नाहीतर रेषांभोवती बारीक कचरा येतो.

काहीशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, हजाराच्या पुढे ऑफसेट. डिजिटलवर मोठा काळा भाग चमकतो किंवा पट्टे पडतात; रात्रीचे प्रसंग जास्त असतील तर आधी एक पृष्ठ छापून बघा.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आलं की शब्द सोडून बाकीचं आधी तपासा: पृष्ठक्रम, डावी-उजवी बाजू, कुठलं पृष्ठ दोनदा आलंय का, कडेला कापलेला फुगा, मधेच बदललेला फॉन्ट. मग त्या प्रूफची घडी घालून खरंच वाचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका बैठकीत. प्रूफवर सही केल्यानंतर सापडलेली चूक तुमची.

छापून आलेल्या खोक्यांतून सगळ्यात वरची प्रत उचलू नका. दोन-तीन खोकी फोडून मधल्या प्रती घ्या, मध्यभागी पूर्ण उघडा, पानं हलकेच ओढून पाहा. एक फर्मा उलटा किंवा दोनदा लागलेल्या प्रती सहसा सलग येतात. एक सापडली की त्या खोक्यातल्या सगळ्या बघा आणि लगेच लेखी कळवा.

थर असलेल्या मूळ फाइली, वापरलेले फॉन्ट, अंतिम पीडीएफ आणि मुखपृष्ठ दोन वेगळ्या ठिकाणी साठवा, फाइलीला पृष्ठक्रमांकाचं नाव देऊन: ०२३_रेषा, ०२३_अक्षरं. 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा नावांतून दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी काही शोधता येत नाही.